पुलाचा पाया खडकावर आहे म्हणून स्कावर (पाण्याने पायाजवळचा तळ खणला जाणं) शून्य धरायचा का? कातळाची झीज प्रत्यक्ष कशी तपासायची

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधूनच वाचायला घेणाऱ्यालाही संदर्भ लागेल. ३० वर्षं जुना पूल आहे, पिअर (पुलाचे खांब) ओपन फुटिंगवर (थेट जमिनीवर टेकलेल्या रुंद काँक्रीटच्या पायावर) आहेत आणि ड्रॉइंगप्रमाणे फुटिंग खडकात ६० सेंटिमीटर रोवलेलं आहे. बोअरलॉगमध्ये (बोअर घेताना कुठल्या खोलीवर काय लागलं त्याची नोंद) वाळूखडक आणि त्यात मधेमधे शेलचे (चिकणमातीपासून बनलेल्या मऊ थराच्या खडकाचे) पट्टे, आरक्यूडी (खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी) ५५, कोअरची (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नळकांड्याची) ताकद ३५ मेगापास्कल. एका कन्सल्टंटने वाळूच्या पात्राचं सूत्र लावून ६ मीटर स्कावर काढलाय, म्हणजे कागदावर फुटिंग हवेत लटकतंय. दुसऱ्याने लिहिलंय की खडक आहे, स्कावर शून्य. आणि यंदा पाणी ओसरल्यावर एका पिअरच्या नाकाशी (पाणी आधी येऊन धडकतं त्या टोकाशी) फुटिंगच्या कडेखाली वीतभर पोकळी दिसली. तर कोणाचं धरायचं, तपासायचं काय आणि लगेच काही करावं लागेल का.

माझं मत सरळ सांगतो, दोन्ही आकडे बाजूला ठेवा. वाळूची सूत्रं बहुतेक सुट्या कणांच्या तळावर केलेल्या प्रयोगांवरून बांधलेली आहेत, तिथे पूर आला की काही तासांत खड्डा जेवढा व्हायचा तेवढा होतो आणि पूर उतरताना बराचसा परत भरतोही. खडक असा वागत नाही. तो बहुतेक वेळा एका पुरात थोडाच जातो पण जो गेला तो परत येत नाही, पुढचा पूर मागच्याने जिथे सोडलं तिथून सुरू करतो. त्यामुळे ६ मीटर हा आकडा तुमच्या पिअरला तसा लागूच होत नाही. पण शून्य मला त्याहून घातक वाटतं, कारण एकदा फाइलीत "खडक, स्कावर नाही" असं लिहिलं गेलं की पुढची कित्येक वर्षं त्या पिअरच्या पायाशी कोणी वाकून बघत नाही.

खडक जातो आणि कधीकधी फार भराभर जातो. २००२ साली टेक्सासमध्ये कॅन्यन लेक धरणाच्या सांडव्यावरून पूर गेला आणि खालच्या चुनखडकात साधारण तीन दिवसांत सरासरी ७ मीटर खोल घळ पडली. पाण्याने तो खडक घासून घासून संपवला नाही, थर आणि सांधे (खडकातल्या नैसर्गिक भेगा) जिथे होते तिथून ठोकळेच्या ठोकळे उचलून नेले. झांबेझी नदीवरच्या करीबा धरणाखाली दारांमधून पडणाऱ्या पाण्याने कठीण नाइस खडकात सुमारे ८० मीटर खोल खड्डा पाडला. ओरोव्हिल धरणावर फेब्रुवारी २०१७ मध्ये आणीबाणीच्या सांडव्यावरून डिझाइनच्या मानाने अगदी थोडं पाणी गेलं होतं, तरी खालचा डोंगरउतार मागे मागे खात ती झीज सांडव्याच्या भिंतीकडे सरकायला लागली आणि सुमारे १,८८,००० लोकांना घरं सोडून जावं लागलं, तिथेही खालचा खडक चांगला आहे असंच धरलेलं होतं. ही धरणांची उदाहरणं आहेत, पुलापाशी पाण्यात इतकी ऊर्जा क्वचितच असते हे मान्य, पण खडक सुटायची रीत तीच आहे. आणि पुलाचंच हवं असेल तर न्यूयॉर्कमधला स्कोहरी क्रीकचा पूल, ५ एप्रिल १९८७ ला पडला, १० माणसं गेली. तिथे फुटिंग खडकावर नव्हतं, दाबून घट्ट झालेल्या हिमनदीच्या गाळावर होतं, पण तो इतका टणक की सहज वाहून जाणार नाही असा सगळ्यांचा विश्वास होता. नाकाशी खड्डा वर्षानुवर्षं थोडा थोडा वाढत होता आणि शेवटच्या पुराने उरलेलं काम केलं.

आता तुमच्या पुलाकडे येऊ. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो की लोक आधी सूत्र शोधतात आणि मग खडक बघतात. उलटं करा. खडक चार वाटांनी जातो असं अमेरिकेच्या एनसीएचआरपी या महामार्ग संशोधन कार्यक्रमाच्या ७१७ क्रमांकाच्या रिपोर्टमध्ये, २०१२ चा आहे तो, मांडलंय आणि मला ती विभागणी कामाची वाटते. एक म्हणजे विरघळून, दुसरं कॅव्हिटेशनने (फार वेगात पाण्यात बुडबुडे होऊन ते फुटताना बसणाऱ्या ठोक्यांनी), तिसरं भेगांवरून ठोकळे उचकटून, चौथं हळूहळू झिजून आणि भिजून-सुकून भुगा होऊन. पहिल्या दोनांवर वेळ घालवू नका, जिप्सम किंवा मिठाचे थर नसतील तर पुलाच्या आयुष्यात विरघळण्याने फरक पडत नाही, चुनखडकात आधीपासून असलेल्या पोकळ्या हा वेगळा विषय आहे आणि तो बोअरिंगमध्येच शोधायचा असतो. कॅव्हिटेशनला लागणारा वेग साध्या नदीत पुलाखाली सहसा मिळत नाही. राहिले दोन, आणि तुमच्याकडे वाळूखडक आणि शेल दोन्ही आहेत म्हणजे बहुतेक दोन्ही वाटा एकाच पिअरखाली एकाच वेळी चालू आहेत.

हे ठरवायला लॅबच्या आधी पात्रात उतरा. पाणी कमी असताना पुलाच्या वर आणि खाली निदान काहीशे मीटर चालत जा, आणि जिओलॉजिस्ट बरोबर असेल तर फार उत्तम. तळाचा कातळ गुळगुळीत, पन्हाळीसारखा घासलेला, रांजणखळगे पडलेले असा दिसत असेल तर गोट्यांनी घासून झीज चालू आहे. कातळाचा पृष्ठभाग पायऱ्यांसारखा तुटलेला, कडा धारदार, जिथून ठोकळा निघाला ती चौकोनी खाच ताजी, आणि खालच्या बाजूला त्याच खडकाचे कोनाकोनाचे ठोकळे पडलेले, असं असेल तर उचकटून जातंय. ठोकळे किती मोठे आहेत ते टेपने मोजा, ते पुढे हिशोबात लागतं. आणि वर कठीण थराची फळी पुढे आलेली, तिच्याखाली मऊ थर आत गेलेला अशी कपार दिसली तर तोच तुमचा मुख्य शत्रू, कारण वरची फळी कितीही ३५ मेगापास्कलची असली तरी खालचा आधार गेला की ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि पुढच्या पुरात वाहून जाते. तुमच्या फुटिंगखालची पोकळी मला वर्णनावरून याच जातीची वाटते.

हातात पहार ठेवा. सांध्यात पहार घालून ठोकळा हलतो का बघा, हललाच तर पुरातलं पाणी त्याला नक्की हलवतंय. सांध्याच्या आत चाकूचं पातं घालून बघा, आत स्वच्छ दगडाला दगड लागलाय की चिकणमाती भरलीये, पातं किती खोल जातं, ओल्या मातीला बोटाने दाबलं तर लोण्यासारखी पसरते का. ही गोष्ट पाच मिनिटांची आहे पण पुढच्या गणितात उत्तर तिच्यामुळे कित्येक पट बदलतं, खाली दाखवतो.

खाली चालत जाताना अजून एक शोधायचं, पात्रात कुठे धबधब्यासारखी पायरी आहे का. खालच्या बाजूला वाळू-गोटा उपसा झाला असेल, किंवा नदी सरळ केली असेल, तर कातळात अशी पायरी तयार होते आणि ती दर पुरात वरच्या दिशेने सरकत येते. ती पुलापर्यंत पोचली की सगळा तळच खाली जातो, पिअरजवळचा स्थानिक खड्डा वेगळा आणि हे वेगळं, आणि पिअरचं कितीही बारीक गणित केलं तरी त्यात ही पायरी पकडली जात नाही.

आता बोअरलॉग. ३५ मेगापास्कल हा आकडा कुठून आला? कोअरचा जो अखंड तुकडा मिळाला त्यातून. अखंड तुकडा कुठे मिळतो, तर जिथे खडक चांगला आहे तिथेच. शेलचा पट्टा ड्रिलिंगच्या पाण्यातच धुऊन गेला, बॉक्समध्ये आलाच नाही, त्याची टेस्ट झालीच नाही. म्हणून मी आधी ताकदीचा कॉलम बघत नाही, कोअर रिकव्हरीचा बघतो. कुठल्या खोलीवर रिकव्हरी पडली, ड्रिलिंगचं पाणी कुठे परत यायचं थांबलं, कुठे बिट एकदम सरकलं, हे ड्रिलरच्या कच्च्या नोंदीत असतं आणि फायनल रिपोर्टमध्ये बऱ्याचदा गळून जातं, तेव्हा कच्ची नोंद मागून घ्या, कोअर बॉक्स ठेवलेले असतील तर स्वतः उघडून बघा. तुमचा पिअर राहील की नाही हे जे कोअर बॉक्समध्ये आलं नाही त्यावर जास्त अवलंबून आहे.

आरक्यूडीचंही तसंच. १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची (एका वेळी ड्रिल केलेल्या अंतराची) लांबी, बस. दीड मीटरच्या रनमध्ये वरचा अर्धा भाग एकदम अखंड आणि खालचा अर्धा भुगा असला तरी सरासरी ५० च्या आसपास येते आणि वाचणाऱ्याला वाटतं की सगळाच मध्यम खडक आहे. शिवाय उभ्या बोअरला उभे सांधे क्वचितच सापडतात, आणि ठोकळा सुटायला उभे सांधेच लागतात. १९९१ मध्ये अमेरिकेच्या एफएचडब्ल्यूए या महामार्ग खात्याने कामचलाऊ निकष काढले होते त्यात आरक्यूडी ५० च्या खाली असेल तर स्कावरसाठी तो खडक मातीसारखा धरा असं होतं, मला शंका आहे की तुमच्या दुसऱ्या कन्सल्टंटने ५५ बघून, ५० च्या वर आहे म्हणून शून्य लिहिलं. पण त्याच निकषांमध्ये स्लेक ड्युरेबिलिटी (भिजवून-वाळवून खडक किती टिकतो ते) ९० च्या खाली नको, लॉस एंजेलिस अ‍ॅब्रेजन (ड्रममध्ये घासून किती भुगा होतो ते) ४० टक्क्यांच्या वर नको, अशाही अटी होत्या आणि त्या टेस्ट तुमच्याकडे झालेल्याच नाहीत. एका निकषात पास म्हणजे पास असं ते नव्हतं.

ठोकळे उचकटण्याची तपासणी करायला अ‍ॅनंडेल यांची इरोडिबिलिटी इंडेक्स पद्धत वापरा, १९९५ मध्ये मांडलेली, एचईसी-१८ या एफएचडब्ल्यूएच्या स्कावर मॅन्युअलच्या २०१२ च्या पाचव्या आवृत्तीतही आहे. कल्पना अशी की एका बाजूला खडकाचा प्रतिकार, दुसऱ्या बाजूला पाण्याची ऊर्जा खर्च व्हायची गती म्हणजे स्ट्रीम पॉवर, आणि दोघांची तुलना. प्रतिकार म्हणजे चार आकड्यांचा गुणाकार: खडकाची ताकद, ठोकळ्याचा आकार जो आरक्यूडी भागिले सांध्यांच्या संचांचा आकडा असा येतो, सांध्याचं घर्षण म्हणजे खडबडीतपणा भागिले आतल्या भरणीचा आकडा, आणि थरांचा कल प्रवाहाच्या मानाने कसा आहे तो. थर प्रवाहाच्या दिशेने खाली झुकलेले असतील तर पाणी कडेखाली शिरून उचलतं, उलट झुकलेले असतील तर जास्त टिकतात.

तुमच्याच आकड्यांवर करून बघू. वाळूखडक, ३५ मेगापास्कल, म्हणजे पहिला आकडा ३५. तीन संच सांधे धरले तर टेबलमध्ये २.७३, म्हणून ५५ भागिले २.७३ बरोबर साधारण २०. कलाचा आकडा ०.६ धरतो. आता सांधे स्वच्छ आणि खडबडीत असतील तर घर्षण १.५ आणि गुणाकार ६३० च्या आसपास. तेच सांधे गुळगुळीत आणि चिकणमातीने भरलेले असतील तर ०.२५, गुणाकार १०५. म्हणजे त्या चाकूच्या पात्याने उत्तर सहा पट बदललं. याचा ०.७५ घात केला की खडक सुटायला लागणारी पॉवर किलोवॅट प्रति चौरस मीटरमध्ये मिळते, पहिल्यात साधारण १२६, दुसऱ्यात ३३.

पाण्याची बाजू. तुम्ही दिलेला पूर म्हणजे दर मीटर रुंदीला २० घनमीटर प्रति सेकंद, उतार ०.००३. पाण्याचं वजन ९.८१ गुणिले २० गुणिले ०.००३, म्हणजे ०.५९ किलोवॅट प्रति चौरस मीटर. ही मोकळ्या पात्राची झाली, पिअरच्या पायाशी भोवऱ्यामुळे सुरुवातीला ती साधारण आठ पटीपर्यंत जाते, म्हणजे ४.७, आणि खड्डा खोल होत गेला की कमी होत जाते. ४.७ विरुद्ध ३३, म्हणजे सांध्यात माती असली तरी वाळूखडकाचा ठोकळा या पुरात सुटू नये.

आता शेल. ताकद २ मेगापास्कल धरा. १० च्या खाली असेल तर पहिल्या आकड्याचं सूत्र वेगळं आहे, ०.७८ गुणिले ताकदीचा १.०५ घात, येतं १.६. आरक्यूडी १५, सांधे तीन संच आणि वर इकडेतिकडे भेगा म्हणून ३.३४, घर्षण ०.२५, कल तोच. गुणाकार येतो साधारण १.१ आणि लागणारी पॉवर पण जवळजवळ १.१ किलोवॅट. पाणी ४.७ देतंय. म्हणजे ज्या लॉगवरून शून्य लिहिलं त्याच लॉगमधला एक पट्टा मोठ्या पुराची वाट न बघता जातो. शेलचे हे आकडे मी नेहमीच्या शेलवरून धरलेत, तुमचे मोजून घाला, पण थर वेगळे करून हिशोब केल्याशिवाय हे चित्र दिसतच नाही. सगळ्या खोलीची सरासरी काढून एकच आकडा टाकला असता तर दोन्ही थर पास झाले असते.

या पद्धतीची मर्यादा पण लक्षात ठेवा. ती सुटेल की नाही एवढं सांगते, किती वेळात ते सांगत नाही. तिची सीमारेषा मुख्यतः सांडव्यांवरच्या निरीक्षणांवरून आलेली आहे त्यामुळे तिच्या जवळपास उत्तर आलं तर पास म्हणू नका. आणि घासून झिजणं, भिजून भुगा होणं यासाठी ती नाहीच.

शेलसाठी दोन टेस्ट. पहिली फुकट आहे, वाळवलेला तुकडा पाण्याच्या बरणीत टाका आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बघत राहा. काही तुकडे जसेच्या तसे राहतात, काहींच्या चकत्या सुटतात, काहींचा अर्ध्या तासात चिखल होतो. चिखल झाला तर तो खडक नावालाच खडक आहे, मातीचा स्कावर म्हणून हिशोब करा. दुसरी स्लेक ड्युरेबिलिटी, ४० ते ६० ग्रॅमचे १० तुकडे, २ मिलिमीटर जाळीच्या ड्रममध्ये पाण्यात १० मिनिटांत २०० फेरे, ओव्हनमध्ये वाळवून परत एकदा, आणि उरलं किती ते टक्क्यात. ७१७ च्या रिपोर्टमध्ये हीच टेस्ट बदलून जास्त वेळ सलग, मधे ओव्हनमध्ये न वाळवता चालवली आहे, कारण नदीचा तळ ओव्हनमध्ये जात नाही. पण तुमचा शेल जर उन्हाळ्यात उघडा पडून सुकत असेल आणि पावसाळ्यात भिजत असेल तर वाळवून केलेली साधी टेस्टच वस्तुस्थितीच्या जवळ आहे, म्हणून मी दोन्ही करून घेईन. सॅम्पल कोअर बॉक्समधला जुना सुकलेला घेऊ नका, ताजा काढा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओला न्या, नाहीतर तो लॅबमध्ये पोचेपर्यंतच फुटलेला असतो.

गोट्यांनी होणारी घासण मला फार महत्त्वाची वाटते आणि ती सगळ्यात कमी तपासली जाते. स्वच्छ पाणी घट्ट कातळाला फारसं काही करत नाही, कातळ झिजवतात ते पाण्याबरोबर उड्या मारत जाणारे गोटे. स्क्लार आणि डायट्रिक या संशोधकांनी २००१ मध्ये छापलेल्या प्रयोगांत दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. एक, झीज खडकाच्या ताणातल्या ताकदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ताणताकद निम्मी तर झीज चौपट. म्हणून माझा आग्रह असतो की दाबताकदीबरोबर ब्राझिलियन टेस्ट (ताणताकद मोजायची) पण करा, खर्च किरकोळ आहे. दुसरं, गोटे अगदी कमी असतील तर घासायला हत्यार नाही, खूप जास्त असतील तर तेच तळावर पसरून कातळाला झाकतात, मधल्या प्रमाणात झीज सर्वात जास्त. यातून तुमच्यासाठी निघतं ते असं, की पूर्वी पात्रावर गोट्यांचा थर होता आणि तो उपशामुळे किंवा वर धरण झाल्यामुळे गेला असेल, तर मागच्या ३० वर्षांची झीज पुढच्या ३० वर्षांना लागू होणार नाही, ती वाढेल. जुने फोटो, बांधकामाच्या वेळचे फोटो शोधा, तेव्हा तळावर काय दिसत होतं ते बघा.

मग वेळेचा हिशोब. शेलसारख्या खडकात एका मोठ्या पुराचा खड्डा काढून काही मिळत नाही, सगळ्या पुरांची बेरीज घ्यावी लागते. मापन केंद्राच्या रोजच्या, शक्य असेल तर तासाच्या, प्रवाहावरून प्रत्येक तासाची स्ट्रीम पॉवर काढायची, ज्या खाली काही हलतच नाही ते तास सोडायचे, उरलेल्यांची बेरीज करायची. दुसरीकडे तेवढ्याच काळात कातळ किती खाली गेला ते मोजायचं. भागाकार म्हणजे तुमच्या जागेचा स्वतःचा झिजेचा आकडा, आणि पुढच्या ५० वर्षांच्या अपेक्षित बेरजेला तो लावायचा. फुटिंग ६० सेंटिमीटर रोवलेलं होतं आणि आता त्याच्या कडेखाली पोकळी आहे, तेव्हा समजा ३० वर्षांत खरंच ६० सेंटिमीटर गेलं आणि नदी तशीच राहिली तर पुढच्या ५० वर्षांत अजून साधारण १ मीटर. कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही मॉडेलपेक्षा मी या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो कारण हा त्याच खडकाने, त्याच नदीत दिलेला आहे.

पण एक मोठी खबरदारी. ते ६० सेंटिमीटर खरंच गेलेत का हे आधी नक्की करा. ड्रॉइंगमधली लेव्हल आणि आताच्या सर्व्हेची लेव्हल एकाच बेंचमार्कवरून आहे का तपासा, जुन्या पुलांमध्ये डेटम (लेव्हल मोजायची शून्य पातळी) बदललेला असतो आणि मग अर्धा मीटर झीज कागदावरच तयार होते किंवा कागदावरच गायब होते. पुलावरची न हलणारी एखादी जागा घ्या, पिअर कॅपची वरची कड, आणि तिथून खाली मोजा. आणि दुसरी शक्यता अशी की तो खडक तिथे कधी नव्हताच. फुटिंगचा खड्डा सुरुंग लावून काढतात, खडक रेषेबाहेर तुटतो, फुटिंग ओतून झालं की बाजूच्या मोकळ्या जागेत त्याच मलब्याची भर टाकतात आणि ड्रॉइंगमध्ये मात्र खडकात रोवलेलं दिसतं. पहिल्या एक-दोन पुरांतच ती भर जाते. त्यामुळे पोकळीच्या आतल्या भिंती नीट बघा, सुरुंगाच्या छिद्राची अर्धी पन्हळ दिसते का, भेगा चहूबाजूंना फुटलेल्या आहेत का. तसं असेल तर झिजेचा वेग तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा खूप कमी आहे, पण फुटिंगखालचा खडक सुरुंगाने खिळखिळा झालेला असू शकतो, म्हणजे काळजी वेगळ्या कारणाने आहेच.

पोकळी मोजताना वीतभर हे तोंड झालं, आत किती गेलीये? लोखंडी सळई घालून फुटिंगच्या कडेने दर अर्ध्या मीटरवर खोली घ्या आणि फुटिंगच्या प्लॅनवर उतरवा. पोकळीत गोटे-वाळू साचलेली असेल तर ती काढून मोजा, कारण नुसती सळई टेकवली की तळ लागला असं वाटतं आणि खरा कातळ अजून खाली असतो. उरलेला टेकू किती क्षेत्रफळाचा आणि कुठल्या बाजूला आहे त्यावरून स्ट्रक्चरल इंजिनियरकडून खडकावरचा दाब आणि उलटण्याचा हिशोब परत करून घ्या. पोकळी नाकाशीच एका बाजूला असते त्यामुळे भार दुसऱ्या टोकाला जातो. आणि थर पात्राकडे झुकलेले असतील तर फुटिंगखालचा वाळूखडकाचा स्लॅब शेलवरून घसरेल का, हे वेगळं तपासायला सांगा. खड्डा फुटिंगच्या खाली गेलेला नसताना, फक्त शेजारी खोल झालेला असतानाही असं घसरणं होऊ शकतं.

लगेच काय करायचं, तर पोकळी साफ करून, आतला सैल शेल खरवडून काँक्रीटने भरा आणि ते नुसतं ओतू नका, खाली चांगल्या खडकात सळया ग्राउट करून बांधा, शेलचा उघडा चेहरा पण झाकला गेला पाहिजे. बाजूच्या खाचा कातळाच्या पातळीपर्यंत काँक्रीटने भरायच्या, मलब्याने नाही. गुळगुळीत कातळावर नुसते मोठे दगड टाकणं मला पटत नाही, त्यांना खाली रुतायला जागा नसते, घरंगळत जातात आणि जाताना तेच कातळ घासतात. एप्रन (तळावर काँक्रीटची फरशी) करणार असाल तर त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला खोल कटऑफ (खाली उतरणारी भिंत) द्या, एप्रन नेहमी कडेखालून खाल्ला जातो, आणि तो शेलवर संपता कामा नये.

बाकीच्या पिअरना पण हेच सगळं लावा, ज्याची पोकळी दिसली तोच एकटा वाईट असं नसतं, इतरांच्या पायाशी कदाचित अजून गोट्यांची भर आहे म्हणून दिसत नाही. प्रत्येक पिअरला नाकाशी आणि दोन्ही बाजूंना कातळात स्टेनलेसचे बोल्ट बसवा, डोकं कातळाच्या पातळीत, आणि दर पावसाळ्यानंतर ते किती उघडे पडले ते मिलिमीटरमध्ये लिहा. रिपोर्टमध्ये स्कावरच्या रकान्यात एक आकडा न लिहिता थरागणिक लिहा: वाळूखडक, उचकटण्याला पुरेसा, घासणीचा वेग मोजतोय, शेल, मोठ्या पुरात टिकणार नाही, अपेक्षित झीज ५० वर्षांत इतकी, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरने दिलेली ती पातळी जिच्याखाली कातळ गेला तर वाहतूक थांबवायची. ती पातळी पिअरवर रंगाने आखून घ्या, पुरानंतर जो कोणी बघायला जाईल त्याच्या हातात रिपोर्ट असेलच असं नाही.